नोकरीच्या जागी धर्म पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रातल्या कारखान्यांत, ऑफिसांत, रुग्णालयांत आणि दुकानांत काम करणाऱ्यांसाठी आणि तिथला कारभार पाहणाऱ्यांसाठी आहेत. वेष, सण, डबा, नमाज यांवरून होणाऱ्या वादांत बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. एखादा नियम कामाच्या गरजेपोटी केला होता की नुसत्या सवयीने चालत आला होता, हे कुणी कधी तपासलेलंच नसतं. खालच्या बहुतेक उत्तरांचा रोख तिथेच आहे.

संविधानातलं धर्मस्वातंत्र्य खासगी कंपनीत लागू होतं का?

थेट नाही. अनुच्छेद २५ सदसद्विवेकाचं आणि धर्म मानण्या-आचरण्याचं स्वातंत्र्य देतो, पण तो प्रामुख्याने शासनाला बांधतो. मंत्रालय, महापालिका, एसटी महामंडळ, राष्ट्रीयीकृत बँक इथे अनुच्छेद १६(२) सुद्धा हाताशी असतो: सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करता येत नाही.

खासगी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला सरसकट मनाई करणारा एकच एक कायदा भारतात नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात भेदभावाला मनाई आहे, पण ती स्त्रियांच्या बाबतीत. धर्माचा उल्लेख तिथे नाही. त्यामुळे खासगी नोकरदाराचा आधार तुकड्यातुकड्यांत विखुरलेला आहे: नेमणूकपत्र, स्थायी आदेश (आस्थापनेचे मंजूर सेवानियम), कंपनीचं लेखी धोरण, वेतनाचा कायदा आणि अगदी टोकाला गेलं तर फौजदारी कलमं. कामगारांसाठी १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविषयीचा राज्याचा कायदा आहे. गुणवत्ता न पाहता एका गटाला झुकतं माप देणं आणि सूडबुद्धीने कामावरून काढणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या चौथ्या अनुसूचीत अनुचित प्रथा म्हणून नोंदल्या आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. त्यामुळे जुन्या अर्जाचा मसुदा हाती असेल तर त्यातले कलमांचे क्रमांक तसेच उतरवू नका, आधी तपासून घ्या.

टिळा, टिकली, हिजाब, गोल टोपी, क्रॉस, गंडा-दोरा यांवर कंपनी बंदी घालू शकते का?

गणवेश ठरवण्याचा अधिकार कंपनीला आहे. तो वापरताना अडचण येते ती बहुधा अशी: नियमात लिहिलेलं असतं ‘धार्मिक चिन्हे चालणार नाहीत’. पहिल्याच आठवड्यात हिजाब घातलेल्या मुलीला परत पाठवलं जातं, आणि तिला परत पाठवणाऱ्या बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर टिकली, हातात चुडा असतो. त्यांना ते ‘आपलं नेहमीचं’ वाटतं. असा नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी व्यवहारात एकाच बाजूला कापतो, आणि तक्रार झाली की टिकत नाही.

म्हणून नियम वस्तूच्या गुणधर्मावर लिहावा. ‘गळ्यात लोंबणारी कोणतीही वस्तू यंत्राजवळ नको’, ‘कोपराच्या खाली कोणताही दागिना अथवा दोरा नको’, ‘ओळख पटवताना चेहरा दिसला पाहिजे’. मग मंगळसूत्र, रुद्राक्षाची माळ, क्रॉस आणि ताईत एकाच ओळीत येतात. ग्राहकांसमोर बसणाऱ्यांसाठी गणवेशाच्याच कापडाचा स्कार्फ कंपनीने शिवून द्यावा. रंगाचा वाद तिथेच मिटतो.

हिजाबच्या शाळा-कॉलेजांमधल्या खटल्यांचा दाखला इथे हमखास दिला जातो. कर्नाटकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं १३ ऑक्टोबर २०२२ रोजी एकमत झालं नाही. चेंबूरच्या महाविद्यालयाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये कॉलेजची बाजू उचलून धरली, तर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली. हे सगळं विद्यार्थ्यांच्या गणवेशाबद्दल आहे. नोकरीला ते जसंच्या तसं चिकटवता येत नाही.

कारखान्यात, अन्नप्रक्रियेत, रुग्णालयात नक्की काय धोक्याचं असतं?

इथे भावनेपेक्षा कामाचं स्वरूप बोलतं, म्हणून जरा तपशिलात.

फिरत्या यंत्राजवळ (लेथ, ड्रिल, कन्व्हेयर) लोंबणारं काहीही नको: माळ, पदर, ओढणी, हिजाबचं मोकळं टोक, गळ्यातला गमछा. हिजाबसाठी अंगाला बसणारा, डोक्यावरून ओढून घालायचा, विणीचा प्रकार वापरावा आणि टोक कोटाच्या आत खोचावं. टाचणी लावायची नाही. माळ काढायचीच नसेल तर ती ताण पडताच तुटेल अशा कच्च्या धाग्यात ओवून शर्टाच्या आत ठेवावी. बोटातली अंगठी यंत्रात अडकली तर कातडी सोलून निघते. मग ती खड्याची असो, लग्नाची असो वा पोवळ्याची.

विद्युत पॅनेलवर काम करताना कडं, बांगड्या, चांदीचा ताईत, सोन्याची साखळी हे सगळं उतरवायचं. दोन उघड्या भागांना धातू टेकला की ठिणगी उडते आणि ती धातूसकट मनगट भाजते.

अन्नप्रक्रियेत अडचण वेगळी. तिथल्या धातूशोधक यंत्राला लोखंडाचा कण सापडतो, पण मनगटावरचा सुती दोरा, काचेच्या बांगडीचा तुकडा, काळा मणी किंवा टिकली सापडत नाही. टिकलीचा गोंद घामाने सुटतो आणि टिकली मालात पडते. जखमेवरची पट्टी अशा ठिकाणी निळीच वापरतात, कारण निळ्या रंगाचं अन्न क्वचितच असतं आणि पट्टी पडली तर लगेच दिसते. मरून रंगाची टिकली मसाल्यात दिसणं कठीण. औषधनिर्मितीच्या निर्जंतुक कक्षात कुंकू, अष्टगंध, भस्म आणि काजळसुद्धा चालत नाही, कारण त्यांचे सूक्ष्म कण हवेत सुटतात. कुंकू लावायचंच असेल तर बाहेर आल्यावर. कक्षात जाताना कपाळ धुवावं लागतं, आणि हे नोकरीत घेण्याआधीच सांगितलेलं बरं.

रुग्णालयात मनगटावरचा दोरा हा सगळ्यात अवघड विषय. हात धुतल्यावर दोरा ओला राहतो, साबण त्याच्याखाली पोचत नाही, जंतू तिथे टिकतात. उपाय असा, की तो दंडाला बांधावा, गळ्यात घालावा किंवा पाकिटात ठेवावा. रक्षाबंधनाच्या आठवडाभर आधी सूचना लावावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया विभागाच्या दारात राख्या कापण्यावरून रडारड होते. एमआरआयच्या खोलीत स्टीलचं कडं, ताईताची डबी, कृपाण, पदराची आणि हिजाबची सेफ्टी पिन हे सगळं बाहेर. चुंबकाला धर्म कळत नाही.

मंगळसूत्र आणि हिरवा चुडा उतरवणं अनेकींना, त्याहून जास्त घरच्यांना, जड जातं. म्हणून मुलाखतीच्या वेळीच कामाची अट सांगायची, कुलपाचा छोटा कप्पा आणि आत बंद होणारी पिशवी द्यायची, आणि जिथे खरंच चालतं तिथे (बंद गळ्याच्या एप्रनखाली, टेपने चिकटवून) ठेवू द्यायचं. नेमणूक झाल्यावर पहिल्या दिवशी ‘काढा ते’ म्हणणं हा वाईट कारभार आहे.

पगडी असेल तर हेल्मेटमधून सूट मिळते का?

रस्त्यावर मिळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी घातलेल्या शीख दुचाकीस्वाराला हेल्मेटची सक्ती नाही. पण ती सूट रस्त्यापुरती आहे. बांधकामाच्या जागेवर किंवा कारखान्यात ती दाखवून चालत नाही. तिथे मोठ्या पगडीऐवजी पटका अथवा लहान केस्की बांधून त्यावर मोठ्या मापाचं हेल्मेट घालणं, किंवा डोक्यावर काही पडण्याची शक्यता नसलेल्या भागात काम देणं, हे दोन मार्ग आहेत. तिसरा, म्हणजे ‘आज राहू दे’ म्हणणं, हा मार्ग नव्हे.

दाढीवरून नोकरी जाऊ शकते का?

सशस्त्र दलांत आणि पोलिसांत नियम कडक आहेत. हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दलाचा नियम कायम ठेवला. महाराष्ट्र राज्य राखीव पोलीस दलातल्या जवानाच्या अशाच प्रकरणातही मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्याविरुद्ध गेला. सर्वसाधारण ऑफिसात मात्र दाढीला हरकत घेण्याचं कामाशी निगडित कारण सापडणं कठीण.

खरा प्रश्न येतो घट्ट बसणाऱ्या मास्कचा. एन-९५ किंवा रासायनिक वायूंचा मास्क चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. दाढीमुळे कडेने हवा शिरते आणि मास्क निरुपयोगी होतो. त्यावर दोन उपाय आहेत. एक, पंख्याने गाळलेली हवा आत सोडणारं, डोक्यावरून घ्यायचं सैल झाकण. ते महाग आहे, बॅटरी सांभाळावी लागते, पण दाढी अडत नाही. दुसरा, कोविडच्या काळात शीख डॉक्टरांनी वापरलेली पद्धत: दाढीवर ताणलेल्या रबरी पट्टीचं आवरण हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची आणि त्यावर मास्क लावायचा. ही पद्धत वापरली तर प्रत्येकाची मास्क-चाचणी स्वतंत्र घ्यावी लागते. एकाला बसलं म्हणून दुसऱ्याला बसेल असं नाही.

कृपाण बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याला गेटवर अडवायचं का?

कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग असल्याचं अनुच्छेद २५ च्या पहिल्या स्पष्टीकरणातच म्हटलं आहे. एवढं स्पष्ट नाव दुसऱ्या कुठल्याच वस्तूचं तिथे नाही. विमानतळांवरचं उदाहरण मोजमापासाठी उपयोगी आहे: देशांतर्गत प्रवासात पात्याची लांबी ६ इंच आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत चालते. मार्च २०२२ मध्ये विमानतळावरच्या शीख कर्मचाऱ्यांना कृपाण बाळगायला मनाई करणारी सूचना निघाली होती. काही दिवसांतच ती दुरुस्त करून मनाई मागे घेण्यात आली.

कंपनीने हीच मापं धरून लेखी नोंद ठेवावी: म्यानात, कपड्यांच्या आत, काढून दाखवायचं नाही. गेटवरच्या सुरक्षारक्षकाला हे आधी सांगितलेलं नसेल तर सगळं धोरण तिथेच कोसळतं, कारण रक्षक एजन्सीचा असतो आणि दर तीन महिन्यांनी बदलतो. बुरख्यासाठीही हेच. ओळख पटवायला महिला रक्षक आणि आडोसा हवा. बोटांच्या टोकांवर गडद मेंदी असली की ठसा घेणारं यंत्र कधी कधी अडतं, त्या दिवसांत कार्डाने नोंद घ्यावी.

नमाज, ध्यान, संध्या यांसाठी वेळ आणि जागा द्यावीच लागते का?

कायद्याची सक्ती नाही. पण नाही म्हटलं तरी माणसं नमाज पढतातच: जिन्याखाली, गोदामात, गाड्यांच्या रांगेमागे. त्यापेक्षा एक शांत खोली बरी.

दहा बाय बारा फूट पुरते. कायमची कुठलीही मूर्ती, तसबीर, झेंडा नको. तसबीर असली की मुस्लिम, ख्रिस्ती किंवा निरीश्वरवादी माणूस फिरकत नाही, आणि मग ती खोली कुणा एकाची होऊन बसते. चपलांचा रॅक बाहेर, चटया गुंडाळून आत. मुंबईहून किब्ल्याची (नमाजाला तोंड करायची, मक्केची) दिशा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली येते. जमिनीवर लहानशी खूण पुरते. मोबाइलवरून मोठ्याने काहीही लावायचं नाही, मग ती अजान असो वा हनुमान चालीसा. स्त्रियांसाठी वेगळ्या वेळा ठरवाव्यात.

वुझूचा, म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुण्याचा, विचार बहुतेक जण विसरतात. हात-पाय धुण्यासाठी माणूस बेसिनमध्ये पाय टाकतो, पाणी सांडतं, पुढचा घसरतो, आणि तक्रार ‘यांच्यामुळे’ अशी येते. एक खालचा नळ, निचरा आणि बसायला ओटा केला की ही तक्रार संपते. याला फार खर्च येत नाही.

एका नमाजाला पाच ते दहा मिनिटं लागतात. चहा-सिगारेटच्या सुट्टीपेक्षा हे कमीच. शुक्रवारची दुपारची नमाज मशिदीत होते, त्यामुळे जाऊन-येऊन पाऊण ते एक तास धरावा. जेवणाची सुट्टी पुढेमागे करून आणि उरलेली मिनिटं संध्याकाळी भरून घेऊन हे जमतं. सलग चालणाऱ्या लाइनवर मात्र बदली माणूस लागतो. तिथे ‘लाइन बंद पडू नये’ ही अडचण खरी आहे. ती सोडवायची तर शुक्रवारची पाळी कोण घेणार हे महिन्याच्या वेळापत्रकातच ठरवलेलं असावं, शुक्रवारी दुपारी बारा वाजता नव्हे.

आमच्या सणाला सुट्टीच नसते. काय करता येईल?

दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी संमतीने ठरवायच्या, स्थानिक आणि धार्मिक गरज पाहून. प्रत्यक्षात डिसेंबरात एक जण गेल्या वर्षीची यादी काढतो आणि वरची तारीख बदलतो. तुमचं म्हणणं मांडायची वेळ नोव्हेंबर. त्या वेळी लेखी द्या.

चार सुट्ट्यांत सगळे बसणारच नाहीत. एकाच कंपनीत गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद, नाताळ, १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, गुरू नानक जयंती, संवत्सरी, नवरोज हे सगळे हक्काचे दिवस असू शकतात. म्हणून काही कंपन्या दोन समाईक आणि दोन ऐच्छिक सुट्ट्या देतात. ऐच्छिकची यादी छापायची गरज नाही. कर्मचाऱ्याला कारण न विचारता निवडू द्यावं. कारण विचारलं की पुरावा मागितला जातो, आणि मग कोण किती धार्मिक याची पंचाईत सुरू होते.

इस्लामी तारखा दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात आणि चंद्रदर्शनावर एक दिवस पुढेमागे होतात, म्हणून ईदची रजा ‘हा दिवस किंवा दुसरा’ अशीच मंजूर करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या. मिरवणुका वेगळ्या ठेवायचं ठरलं आणि राज्यात ईदची सुट्टी २८ ऐवजी २९ तारखेला झाली. पुढच्या वर्षी १६ ऐवजी १८ सप्टेंबर. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी तारीख राहिली की दोन्हीकडच्यांची हजेरी चुकते.

लांब रजांचं गणित वेगळं. आषाढी वारी देहू-आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जवळपास तीन आठवडे चालते, हज समितीमार्फत गेलं तर साधारण चाळीस दिवस लागतात. दुकाने व आस्थापना कायद्याखाली अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. वारकऱ्याने पूर्ण वारीऐवजी शेवटचे आठ दिवस मागितले तरी अर्ज चैत्रातच द्यावा, कारण जूनमध्ये सगळ्यांनाच शाळा-पेरणीसाठी रजा हवी असते.

आणि साप्ताहिक सुट्टी? रविवार हा काही नियम नाही. कोकणात तेलाचा व्यवसाय करणाऱ्या बेने इस्रायलींना (तिथल्या मराठी ज्यूंना) ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवत.  शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून सुरू होतो, तेव्हा आजही असा कर्मचारी असेल तर रविवारी काम आणि शनिवारी सुट्टी ही अदलाबदल कुणाला महागात पडत नाही.

रोजा किंवा नवरात्राचा कडक उपवास असताना काम कसं द्यावं?

आधी त्या माणसाला विचारून. न विचारता हलकं काम देणं हाही अपमान होऊ शकतो, आणि त्यात ओव्हरटाइम बुडतो. भट्टी, फाउंड्री, उघड्यावरचं बांधकाम इथे पाण्याशिवायचा उपवास धोक्याचा ठरू शकतो. शक्य असेल तर सकाळची पाळी द्यावी, म्हणजे इफ्तारच्या आत घरी पोचता येतं. उंचीवर किंवा क्रेनवर काम करणाऱ्याने चक्कर येत असल्यास सांगावं, आणि सांगितल्याबद्दल त्याला ‘मग कशाला धरता उपास’ असं कुणी ऐकवू नये. मधुमेहाचं औषध चालू असलेल्यांनी वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. पर्युषणात किंवा चातुर्मासात जैन कर्मचारी सूर्यास्ताआधी जेवतात. संध्याकाळी सहाची बैठक अर्धा तास पुढे ढकलली की त्यांचं जेवण होतं.

कंपनीत गणपती, सत्यनारायण, खंडेनवमीची यंत्रपूजा करावी का?

करू नये असा कायदा खासगी कंपनीला नाही. दोन गोष्टी सांभाळाव्यात: सुरक्षा, आणि कुणावर सक्ती नसणं.

सुरक्षेबद्दल आधी. खंडेनवमीला यंत्राला हळद-कुंकू वाहायचं असेल तर यंत्र बंद, मुख्य स्विच खाली, त्याला कुलूप आणि ‘चालू करू नका’चा टॅग. हार फिरत्या शाफ्टवर नको, यंत्राच्या स्थिर चौकटीवर हवा. सेन्सर आणि पंख्याच्या जाळीवर फूल नको. ओलं कुंकू घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर राहिलं तर गंज धरतो. नारळ बाहेर अंगणात फोडावा, कारण त्याचं पाणी पॅनेलमध्ये गेलं की पूजा महागात पडते. दुसऱ्या दिवशी हार-फुलं काढून, पुसून, आधी रिकामं यंत्र चालवून पाहावं.

ऑफिसात उदबत्ती आणि धुपाने धूरशोधक वाजतो. मग कुणीतरी त्याला प्लास्टिकची पिशवी बांधतो, आणि ती दिवाळीपर्यंत तशीच राहते. योग्य पद्धत अशी: अग्निसुरक्षा पाहणाऱ्याने तेवढाच विभाग तात्पुरता बंद करून वेळ नोंदवायची, अग्निशामक घेऊन एक माणूस तिथेच उभा करायचा, आणि आरती संपताच विभाग पुन्हा चालू करून सही करायची. सर्व्हरच्या खोलीत आणि बॅटरीच्या खोलीत ज्योत कधीच नको. तिथे विजेची समई.

आता सक्ती. आरतीला कोण आलं नाही याची नोंद ठेवू नये. पूजेच्या वेळी बाकीच्यांना काम करता येईल अशी जागा हवी. साहेबांनी सपत्नीक पूजेला बसायला एखाद्याला ‘सुचवणं’ ही विनंती राहत नाही. आणि वर्षभरात फक्त एकाच धर्माचे सण दणक्यात होत असतील तर ‘ही आपली संस्कृती’ हे स्पष्टीकरण बाकीच्यांना पुरत नाही. बजेटच्या वहीत ते आकड्यांनी दिसतं.

प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून कारवाई होऊ शकते का?

नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार देणाऱ्या शिक्षकाला वरची वेतनश्रेणी नाकारली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला: हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. त्याआधी १९८६ मध्ये केरळच्या तीन मुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की राष्ट्रगीताला आदराने उभं राहिलेल्या मुलाला ते गायला भाग पाडता येत नाही. लष्कराचं मात्र वेगळं. पलटणीच्या मंदिराच्या गाभाऱ्यात जायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्याची बडतर्फी नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली.

सामान्य ऑफिसात आदराने उभं राहणं पुरेसं मानावं. वर्गणीचंही तसंच. ती पगारातून परस्पर कापता येत नाही. कपातीची कारणं कायद्याने ठरवलेली आहेत आणि त्यात गणपतीची किंवा उरुसाची वर्गणी नाही. कुणी किती दिले याची यादी सूचनाफलकावर लावू नका.

डब्यात बोंबील आणला तर?

वासाची तक्रार खरी असू शकते, पण ती वासाची असावी, माणसाची नको. मायक्रोवेव्हवर ‘मांसाहार नको’ लिहिण्याऐवजी खिडकी, पंखा आणि दुसरा मायक्रोवेव्ह हा उपाय आहे. कॅन्टीनमध्ये शाकाहारी आणि मांसाहारी पळ्या, तवे वेगळे ठेवावेत, जैनांसाठी एक भाजी कांदा-लसूण-बटाट्याविना करावी, आणि मांस हलाल आहे की नाही हे फलकावर लिहावं. टेबलं मात्र वेगळी करू नयेत. ‘शाकाहारी टेबल’ हळूहळू जातीचं टेबल होतं, आणि कोण कुठे बसतं हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलत नाही.

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर धार्मिक पोस्ट येतात. कुणी सत्संगाला, प्रार्थनेला बोलावतं. चालेल का?

कामाचा गट कामापुरता ठेवावा, शुभेच्छांसाठी वेगळा गट काढावा. दुसऱ्याच्या धर्माची टिंगल किंवा चिथावणी असलेला मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ अथवा २९९ खाली जाऊ शकतो. गटातल्या दुसऱ्याच्या पोस्टबद्दल निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तरी अ‍ॅडमिनने ती पोस्ट काढावी.

सहकाऱ्याला एकदा बोलावणं गैर नाही. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं गैर. आणि ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याने एकदाही विचारू नये. राम राम, जय भीम, सलाम, जय जिनेंद्र ज्याचं त्याने म्हणावं. उत्तर त्याच शब्दांत मिळालं पाहिजे असा हट्ट नको.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

हमखास होणारी चूक म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीकडे अर्ज देणं. बुरखा ओढणं, वेषावरून अश्लील बोलणं असेल तर ती समिती योग्य. निव्वळ धार्मिक भेदभाव तिच्या कक्षेत येत नाही आणि अर्ज महिनाभर पडून राहतो. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात तक्रार निवारण समिती असावी लागते. औद्योगिक संबंध संहितेनुसार घटनेपासून एका वर्षाच्या आत तिच्याकडे जाता येतं आणि तिने ३० दिवसांत काम संपवायचं असतं. व्यवस्थापक वर्गाला ती खुली नाही. त्यांनी मनुष्यबळ विभागाकडे लेखी जावं.

अर्जात ‘माझ्या धर्माचा अपमान झाला’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं, दुसऱ्या कुणाला त्याच गोष्टीची मुभा होती का, आणि तुम्हाला काय हवं आहे हे लिहा. शेवटचे दोन मुद्दे सर्वांत वजनदार. ‘दोरा काढायला लावला’ यापेक्षा ‘शेजारच्या दोघांच्या अंगठ्या तशाच होत्या, मला दंडावर बांधू द्यावा’ या वाक्यावर निर्णय लवकर होतो.

परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला कोणते नियम लागू होतात?

तिथले. ब्रिटनमध्ये समानता कायदा २०१० खासगी मालकालाही बांधतो. २०१३ च्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या निकालात विमान कंपनीतल्या कर्मचारी बाईंचा क्रॉस घालण्याचा हक्क मान्य झाला, पण परिचारिकेच्या गळ्यातल्या क्रॉसबाबत रुग्णांच्या सुरक्षेला वजन मिळालं. मंगळसूत्र घालून वॉर्डात काम करायचं असेल तर हा दुसरा भाग लक्षात ठेवा. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत कोपराखाली काही नको असा दंडक आहे, मात्र कडं वर दंडापर्यंत सरकवण्याची मुभा २०१० च्या मार्गदर्शनात दिलेली आहे. शीख कामगारांना बांधकामावर हेल्मेटची सूट तिथे १९८९ पासून आहे आणि २०१५ मध्ये ती बहुतेक इतर कामांनाही लागू झाली.

अमेरिकेत १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने धार्मिक गरजेची सोय करावी लागते. जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाची पळवाट अरुंद केली: किरकोळ गैरसोय हे कारण पुरत नाही, धंद्यावर भरीव बोजा पडतो हे मालकाने दाखवावं लागतं. दिवाळीची रजा नाकारली गेली असेल तर ती लेखी मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. समान रोजगार संधीच्या संघराज्य आयोगाकडे तक्रारीची मुदत १८० दिवस, आणि बऱ्याच राज्यांत ३०० दिवस असते.